डायनॅमोमध्ये दरवाज्यांचे डुप्लिकेट मार्क शोधायचे आहेत, युनिक-आयटम्सने काम होत नाही

चौकट४५

रेव्हिट २०२३ (इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आणि त्यासोबत आलेला डायनॅमो (नोड वायरने जोडून रेव्हिटकडून काम करून घ्यायचं साधन) वापरतो. मॉडेलमध्ये १२०० दरवाजे आहेत. प्रत्येकाला मार्क, म्हणजे ओळखीचा क्रमांक, हा टेक्स्ट पॅरामीटर आहे आणि काही मार्क दोनदा-तीनदा आलेत. मला दोन गोष्टी हव्या आहेत: कोणते मार्क डुप्लिकेट आहेत त्यांची यादी, आणि ते मार्क असलेले नेमके दरवाजे, म्हणजे रेव्हिटमध्ये निवडून दुरुस्त करता येतील.

लिस्ट.युनिक-आयटम्स लावला. १२०० आत जातात, ११६३ बाहेर येतात. म्हणजे ३७ जास्तीचे आहेत, पण ते कोणते हे हा नोड सांगत नाही. मग == नोडच्या दोन्ही पोर्टला तीच मार्कची यादी जोडली आणि लेसिंग (दोन याद्यांतल्या गोष्टी कशा जुळवायच्या ती पद्धत) क्रॉस प्रॉडक्ट केलं. डायनॅमो बराच वेळ अडकतो आणि उत्तर आलं की प्रत्येक ओळीत एक तरी ट्रू दिसतो, म्हणजे सगळेच डुप्लिकेट!

शिवाय काही मार्क डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, पण युनिक-आयटम्स त्यांना वेगळे धरतो. याच मॉडेलमध्ये खोल्यांची नावं मराठीत आहेत, त्यांचीही अशीच तपासणी करायची आहे. पॅकेज बसवायची परवानगी नाही. मुळातल्या नोडने होईल का?

नोडजाळं

होईल. पॅकेजची गरज नाही.

आधी क्रॉस प्रॉडक्टचं. त्यात प्रत्येक मार्क प्रत्येक मार्कशी ताडला जातो, स्वतःशीसुद्धा. १२०० गुणिले १२०० म्हणजे १४,४०,००० तुलना, आणि त्यातले १२०० ट्रू हे दरवाजा स्वतःशीच जुळल्याचे. प्रत्येक ओळीत दिसणारा ट्रू तोच. वेळ नुसत्या तुलनेत जात नाही. एवढी मोठी दुहेरी यादी सांभाळणं आणि प्रिव्ह्यूमध्ये दाखवणं डायनॅमोला जड जातं. लेसिंग शॉर्टेस्ट ठेवलं असतं तर पहिला पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी एवढंच झालं असतं आणि सगळे ट्रू आले असते. डुप्लिकेट शोधायला == हा नोडच चुकीचा. एकेक जोडी ताडत बसण्याऐवजी सारख्या मार्कचे दरवाजे एका गटात टाका आणि गट मोजा.

ग्राफ असा मांडा. सुरुवातीलाच खाली डावीकडे रन ऑटोमॅटिकवरून मॅन्युअलवर आणा, नाहीतर प्रत्येक वायर जोडताना सगळं पुन्हा चालतं.

१. कॅटेगरीज नोडमध्ये डोअर्स निवडून ऑल एलिमेंट्स ऑफ कॅटेगरीला जोडा. ही दरवाज्यांची यादी.

२. ती एलिमेंट.गेट-पॅरामीटर-व्हॅल्यू-बाय-नेम या नोडला द्या आणि पॅरामीटरच्या नावात मार्क लिहा. स्पेलिंग आणि कॅपिटल-स्मॉल प्रॉपर्टीजमध्ये दिसतं तसंच हवं. ही मार्कची यादी.

३. कोड ब्लॉकमध्ये एम == नल ? "" : एम; असं लिहून मार्कची यादी त्यातून काढा. मार्क कधीच भरला नसेल तर नल (व्हॅल्यूच नाही) येऊ शकतो, भरून पुसला असेल तर रिकामी स्ट्रिंग. दोन्ही एकच करून घ्या. नल गटाची किल्ली (जिच्यावरून गट पडतो ती व्हॅल्यू) म्हणून पुढे पाठवू नका.

४. लिस्ट.ग्रुप-बाय-की. लिस्ट पोर्टला दरवाजे, कीज पोर्टला तिसऱ्या पायरीतले मार्क. अनेक जण दोन्हीकडे मार्कच जोडतात. मग गट मार्कचे पडतात आणि दरवाजे हातात राहत नाहीत. तुम्हाला दरवाजे हवेत, म्हणून वर दरवाजेच. दोन्ही याद्यांची लांबी सारखीच हवी. मधे कुठे रिकामे मार्क गाळले असतील तर तेच दरवाजेही गाळा.

५. या नोडमधून दोन आउटपुट निघतात: ग्रुप्स, म्हणजे याद्यांची यादी, आणि युनिक कीज. दोन्हींचा क्रम जुळलेला असतो. सातव्या गटाचा मार्क म्हणजे युनिक कीजमधला सातवा.

६. ग्रुप्स लिस्ट.काउंटला द्या. इनपुट पोर्टच्या बाजूच्या बाणावर क्लिक करून यूज लेव्हल्स चालू करा आणि @एल२ ठेवा, म्हणजे काउंट प्रत्येक गटावर वेगळा चालतो. लेव्हल न लावता काउंट चालवलात तर एकच आकडा येईल, एकूण गट किती तो. ग्राफ इथेच सर्वांत जास्त वेळा बिघडतो, कारण एरर येत नाही, नोड राखाडीच राहतो आणि पुढचं सगळं मुकाट्याने चुकतं.

७. कोड ब्लॉकमध्ये एक्स > १; लिहा आणि काउंट त्याला जोडा. ट्रू-फॉल्सची यादी मिळेल.

८. लिस्ट.फिल्टर-बाय-बूल-मास्क दोनदा वापरा. मास्क दोन्हींना तोच. एकात ग्रुप्स, एकात युनिक कीज. दोन्हींच्या इन आउटपुटला तुमची उत्तरं: डुप्लिकेट मार्क आणि त्या त्या मार्कचे दरवाजे.

रिकाम्या मार्कचे दरवाजे सगळे एका गटात येतील आणि तो गट हमखास डुप्लिकेट म्हणून दिसेल. तो वेगळा काढा. मार्क नसणं आणि मार्क दोनदा असणं या दोन निराळ्या चुका आहेत, दुरुस्तीही निराळी.

आणि तो ३७ चा आकडा जपून वाचा. एकूणातून युनिक वजा केले की जास्तीचे दरवाजे मिळतात, डुप्लिकेट मार्क नव्हेत. एक मार्क तीन दरवाज्यांना असेल तर तो ३७ मध्ये २ म्हणून धरला जातो.

रेव्हिटमध्ये बघायचं तर डुप्लिकेट गट लिस्ट.फ्लॅटनमधून काढून एलिमेंट.ओव्हरराइड-कलर-इन-व्ह्यूला द्या, रंग लाल. चालू व्ह्यूमध्ये ते दरवाजे रंगतात. किंवा एलिमेंट.आयडीने आयडी काढून रेव्हिटच्या मॅनेज टॅबवरच्या सिलेक्ट बाय आयडीमध्ये स्वल्पविराम नाहीतर अर्धविराम देऊन चिकटवा.

रेषा_आणि_भिंत

वरचा ग्राफ बरोबर आहे. भर घालतो ती किल्लीबद्दल, कारण 'सारखे दिसतात पण वेगळे धरतो' याचं मूळ तिथे आहे.

ग्रुप-बाय-की अक्षर न् अक्षर ताडतो. शेवटी एक स्पेस असेल, एकीकडे कॅपिटल आणि दुसरीकडे स्मॉल अक्षर असेल, तर त्याच्या लेखी ते दोन मार्क. म्हणून मूळ मार्क आणि गट पाडायची किल्ली या दोन याद्या वेगळ्या ठेवा. मूळ मार्कला हात लावू नका, दाखवायला आणि दुरुस्तीला तो लागतो. किल्ली मात्र साफ करून घ्या: आधी स्ट्रिंग.ट्रिम-व्हाइटस्पेस, मग स्ट्रिंग.टू-अपर, आणि तुमच्या क्रमांकपद्धतीत मधल्या स्पेसला अर्थ नसेल तर स्ट्रिंग.रिप्लेसने तीही काढा. ग्रुप-बाय-कीच्या कीज पोर्टला ही साफ किल्ली जोडा. युनिक कीजमध्ये आता साफ रूप दिसेल, म्हणून अहवालासाठी प्रत्येक गटातल्या दरवाज्यांचे मूळ मार्क पुन्हा वाचा. 'डी-१०१' आणि 'डी-१०१ ' शेजारी शेजारी दिसले की चूक कुठे आहे ते लगेच कळतं.

ट्रिम दोन्ही टोकांच्या साध्या स्पेस, टॅब आणि नॉन-ब्रेकिंग स्पेस काढतो. मधली नॉन-ब्रेकिंग स्पेस तशीच राहते, आणि वेबपेजवरून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या मजकुरात ती बऱ्याचदा असते. शून्य रुंदीची स्पेस, युनिकोड २००बी, ही ट्रिमच्या लेखी स्पेसच नाही. ती टोकाला असली तरी उरते.

शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि स्मॉल एल यांची गल्लत आपोआप 'सुधारू' नका. तिथे खरोखर दोन वेगळे मार्क असू शकतात. असे जवळचे मार्क वेगळ्या यादीत काढून माणसाने बघावेत.

मार्क एक्सेलमधून आले असतील तर आणखी एक जागा तपासा. सेलमध्ये १०१ ही संख्या असेल तर डायनॅमोला संख्या मिळते, स्ट्रिंग नाही, आणि संख्या व स्ट्रिंग एका गटात येत नाहीत. स्ट्रिंग फ्रॉम ऑब्जेक्ट वापरून तिची स्ट्रिंग केली तर काही आवृत्त्यांत १०१.०००००० असं रूप निघतं. एक्सेल वाचणाऱ्या नोडवर रीड-ॲज-स्ट्रिंग्ज ट्रू करा. एक्सेलनेच ००७ चं ७ करून ठेवलं असेल तर मात्र ते डायनॅमोत परत येत नाही. एक्सेलमध्ये तो कॉलम आधीपासून टेक्स्ट फॉरमॅटचा हवा.

दुसरा प्रश्न असा की डुप्लिकेट म्हणजे तुमच्याकडे काय? क्रमांक मजल्यागणिक नव्याने सुरू होत असतील तर दोन मजल्यांवरचा डी-०१ चालतो, एकाच मजल्यावर दोनदा चालत नाही. मग किल्लीत लेव्हलही घ्या. दरवाज्याचा लेव्हल पॅरामीटर वाचा, त्याचं नाव काढा आणि कोड ब्लॉकमध्ये लेव्हल + "|" + मार्क असं जोडा. मधली उभी रेघ गाळू नका. ती नसेल तर लेव्हल १ चा मार्क १२ आणि लेव्हल ११ चा मार्क २ या दोन्हींची किल्ली ११२ होते आणि नसलेलं डुप्लिकेट दिसायला लागतं. लेव्हलच्या नावात किंवा मार्कमध्ये येत नाही असंच चिन्ह निवडा.

ऑल एलिमेंट्स ऑफ कॅटेगरी काय आणतो तेही लक्षात असू द्या. कर्टन वॉलमध्ये बसवलेले दरवाजे येतात, शेअर्ड नेस्टेड फॅमिलीतले येतात, पाडायच्या फेजमधले आणि डिझाइन ऑप्शनमधले येतात. लिंक केलेल्या फाइलमधले येत नाहीत. जुना दरवाजा पाडून त्याच जागी नवा टाकला आणि दोघांना एकच मार्क असेल, तर ते डुप्लिकेट मानायचं का हे आधी ठरवा. मानायचं नसेल तर फेज डिमॉलिश्ड बघून जुने गाळा.

नुसत्या मार्कसाठी रेव्हिट स्वतःही सावध करतं. मॅनेज टॅबवर वॉर्निंग्ज उघडा. डुप्लिकेट मार्क व्हॅल्यूंची वॉर्निंग एलिमेंटसह दिसते आणि एक्स्पोर्ट केली की एचटीएमएल फाइल मिळते. पण तुम्ही स्वतः केलेल्या टेक्स्ट पॅरामीटरवर अशी वॉर्निंग येत नाही आणि लेव्हलसारखी दुसरी अट घालता येत नाही. शेड्यूलमध्ये मार्कवर सॉर्ट करून आयटमाइझ एव्हरी इन्स्टन्स बंद केलं की काउंट कॉलममध्ये २ किंवा ३ दिसतात. चार-पाचशे ओळींपर्यंत नजरेने बघायला ते पुरे. काउंटवर फिल्टर मात्र लागत नाही.

चौकट४५

दोघांचे आभार. ग्राफ चालला आणि एरवी अडकणारी फाइल आता लगेच उत्तर देते. ९ दरवाज्यांना मार्कच नव्हता. ते बाजूला काढल्यावर २४ मार्क डुप्लिकेट निघाले, १९ दोनदा आणि ५ तीनदा. हिशेब जुळला: जास्तीचे २९ आणि रिकाम्यांचे ८ मिळून ३७. किल्ली साफ केल्यावर आणखी ३ जोड्या सापडल्या.

दोन गोष्टी राहिल्या. खोल्यांच्या नावांत 'पायऱ्या' दोन गटांत येतं. ट्रिम करून, स्पेस काढूनही येतंच. 'ॲल्युमिनियम स्टोअर' तर तीन गटांत. दुसरं, प्रत्येक गटातला एक दरवाजा तसाच ठेवून बाकीच्यांना मार्कपुढे -२, -३ असं लावायचं आहे. तेही डायनॅमोतून करता येईल का?

शिरोरेखा

पायऱ्यांचं सांगतो.

देवनागरीत एकच दिसणारं अक्षर वेगवेगळ्या युनिकोड चिन्हांनी लिहिता येतं, आणि डायनॅमो चिन्हं ताडतो, दिसणं नाही. खातरजमा करायला नावांची यादी स्ट्रिंग.लेंग्थला द्या. 'पायऱ्या' एका खोलीत ७ येईल, दुसऱ्या खोलीत ८.

७ येतो तिथे ऱ हे एकच चिन्ह आहे, ०९३१. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी जे (J) ची कळ दाबली की हेच येतं. ८ येतो तिथे दोन शक्यता. एकतर साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं झीरो विड्थ जॉइनर, २००डी: 'पायर्‍या'. काही फोनेटिक कीबोर्ड हे रूप देतात. नाहीतर साधा र आणि खाली नुक्ता, ०९३सी. पडद्यावर तिन्ही सारखीच.

'ॲल्युमिनियम'चे तीन गट याच जातीचे. ॲ हे एक चिन्ह, ०९७२. किंवा अ आणि त्यावर ॅ, ही दोन चिन्हं, ०९०५ आणि ०९४५. किंवा त्या दोघांच्या मधे पुन्हा २००डी, म्हणजे तीन. लेंग्थमध्ये एकेकाचा फरक दिसेल.

युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, लावून सगळं सुटेल असं वाटतं, पण सुटत नाही. र आणि नुक्त्याचा एनएफसीने ऱ होतो, तेवढं जमतं. जॉइनरला एनएफसी हात लावत नाही. आणि अ + ॅ हे ॲ च्या बरोबरीचं आहे असं युनिकोड मानतच नाही, म्हणून तेही तसंच राहतं. ही दोन्ही बदलणं आपल्यालाच करावं लागतं.

पायथन नोड मुळातच असतो, पॅकेज लागत नाही. त्यात इनपुटला फक्त नावांची यादी द्या. खोल्या द्यायची गरज नाही, त्यामुळे अनरॅप करण्याची, म्हणजे डायनॅमोच्या एलिमेंटमधून रेव्हिटचं मूळ एलिमेंट काढण्याची, भानगडही नाही. प्रत्येक नावावर या क्रमाने काम करा:

आधी युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ, एनएफसी. मग र + हलन्त + २००डी याच्या जागी ऱ + हलन्त. मग अ + ॅ, आणि अ + २००डी + ॅ, दोन्हींच्या जागी ॲ. हे झाल्यावरच उरलेले २००डी, २००सी, २००बी, २००ई आणि एफईएफएफ काढून टाका. पुढे स्प्लिट कंसात काही न देता आणि एका स्पेसने जॉइन, म्हणजे मधल्या नॉन-ब्रेकिंगसकट सगळ्या स्पेस एकसारख्या होतात. शेवटी देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे एकाच लिपीत आणा, कारण 'खोली १२' दोन्ही आकड्यांत लिहिलेली सापडतेच.

क्रम बदलू नका. जॉइनर आधी काढलात तर 'पायर्‍या' चं य वर रफार असलेलं रूप होतं आणि ते ऱ वाल्या गटात कधीच येत नाही. उलट, सगळीकडे ऱ चा र करून टाकावा असंही मनात येईल. तसं केलं तर 'दर्या' आणि 'दऱ्या' एक होतात. मराठीत ते दोन वेगळे शब्द आहेत, किल्लीत त्यांची गल्लत होऊ देऊ नका.

न दिसणारी चिन्हं पायथनमध्ये थेट चिकटवू नका. बॅकस्लॅश यू आणि चार आकडी कोड असंच लिहा. चिकटवलेलं चिन्ह पुढच्या माणसाला दिसत नाही आणि कॉपी करताना गळून पडतं. नुसत्या नोडने, म्हणजे स्ट्रिंग.रिप्लेसने, हे करायला गेलात तर हीच अडचण येते, म्हणून इथे मी पायथनच सुचवीन.

गटही तिथेच पाडायचे असतील तर रिकामी डिक्शनरी घ्या, साफ केलेल्या यादीवर एन्युमरेटने एकदाच फिरा, आणि प्रत्येक किल्लीखाली इंडेक्सची यादी जमवा. ज्या यादीत एकापेक्षा जास्त इंडेक्स आहेत त्या आउटपुटला द्या. बाहेर लिस्ट.गेट-आयटम-ॲट-इंडेक्सला मूळ खोल्यांची यादी आणि हे इंडेक्स जोडले की खोल्या मिळतात. किंवा पायथनमधून फक्त साफ किल्ल्या बाहेर काढा आणि वरचाच ग्रुप-बाय-की वापरा. ग्राफ दुसऱ्या कोणाला वाचायचा असेल तर हा मार्ग सोपा.

शीट नंबरलाही ही सफाई लावा. रेव्हिट एकच शीट नंबर दोनदा घेत नाही, म्हणून काही जण मुद्दाम टोकाला न दिसणारं चिन्ह घालून तोच नंबर पुन्हा वापरतात. वॉर्निंग येत नाही, शीट लिस्टमध्ये मात्र दोन ओळी सारख्या दिसतात. २००ई काढायला सांगितलं ते त्यासाठीही.

आणि खोल्यांची नावं जुन्या कॅड ड्रॉइंगमधून, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधून आली असतील तर हे काहीच लागू पडणार नाही. तिथला मजकूर मुळात युनिकोड देवनागरी नसतो. तो आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग तपासा.

नोडजाळं

आता -२, -३ चं.

पहिला कोणता ठेवायचा हे गटातल्या क्रमावर सोडू नका. डुप्लिकेट गट लिस्ट.सॉर्ट-बाय-कीला @एल२ लावून द्या आणि किल्ली म्हणून एलिमेंट.आयडी, तीही @एल२. लहान आयडी म्हणजे बहुतेक वेळा आधी टाकलेला दरवाजा. म्हणजे ग्राफ कितीही वेळा चालवला तरी तोच दरवाजा मूळ मार्क राखतो. ड्रॉइंग आधीच बाहेर गेली असतील तर हे फार महत्त्वाचं.

मग सॉर्टेड यादीवर लिस्ट.रेस्ट-ऑफ-आयटम्स, @एल२. प्रत्येक गटातला पहिला सुटतो, बाकी राहतात. त्यांची संख्या लिस्ट.काउंट @एल२ ने काढा आणि कोड ब्लॉकमध्ये २..(सी+१); असं लिहा. सी ही काउंटची यादी. दोन उरले तर २, ३ मिळतील, एक उरला तर फक्त २. हे फक्त डुप्लिकेट गटांवरच चालवा. एकट्या दरवाज्याचा गट आत राहिला तर सी शून्य होतो, २..१ ही रेंज रिकामी येत नाही, उलटी मोजून २, १ देते, आणि मार्क भलत्याच दरवाज्यांवर जातात.

नवा मार्क म्हणजे पहिल्या दरवाज्याचा मूळ मार्क, ट्रिम केलेला, + "-" + आकडा. पहिला दरवाजा लिस्ट.फर्स्ट-आयटम @एल२ ने मिळेल. आकड्याची आधी स्ट्रिंग करून घ्या. जोडताना एका गटाचा एक मार्क आणि त्या गटाचे अनेक आकडे असा मेळ बसायला हवा, त्यासाठी मार्क @एल१ आणि आकडे @एल२ ठेवा. वॉच नोड लावून एक तीन दरवाज्यांचा गट नीट बघा: डी-२१४-२ आणि डी-२१४-३ एकाच उपयादीत दिसले पाहिजेत. ते वेगवेगळ्या गटांत गेले असतील तर लेव्हल चुकली आहे.

लिहिण्याआधी एक तपासणी अजिबात सोडू नका. डी-२१४-२ हा मार्क आधीच दुसऱ्या कुठल्या दरवाज्याला असू शकतो. न बदलणाऱ्या सगळ्या दरवाज्यांचे मार्क आणि हे नवे मार्क एका यादीत जोडा, रिकामे गाळा, तीच सफाई लावून लिस्ट.काउंट आणि लिस्ट.युनिक-आयटम्सचा काउंट ताडा. दोन्ही आकडे सारखे आले तरच पुढे जा.

लिहायला एलिमेंट.सेट-पॅरामीटर-बाय-नेम. दरवाजे आणि नवे मार्क दोन्ही लिस्ट.फ्लॅटन करून द्या, लेसिंग शॉर्टेस्ट, आणि आधी दोघांची लांबी बघा. लांबी जुळत नसेल तर शॉर्टेस्ट उरलेले दरवाजे काही न बोलता सोडून देतं. हा नोड शेवटपर्यंत फ्रीझ करून ठेवा. उजवं क्लिक, फ्रीझ. सगळं तपासून झालं की फ्रीझ काढून एकदाच रन.

मार्क बदलले की पुढच्या रनला गटही बदलतील, डुप्लिकेट यादी रिकामी येईल आणि काही नोड पिवळे पडतील. ते ठीक आहे. जुनी यादी हवी असेल तर लिहिण्याआधी ती एक्सेलमध्ये किंवा सीएसव्हीत काढून ठेवा: आयडी, जुना मार्क, नवा मार्क, असे तीन कॉलम.

रेषा_आणि_भिंत

एक भर. वर्कशेअर्ड फाइल (एकाच मॉडेलवर अनेक जण काम करतात अशी) असेल तर लिहिण्याआधी सिंक करा आणि बाकीच्यांना दरवाजे सोडायला सांगा. दुसऱ्याच्या नावावर असलेल्या दरवाज्यावर लिहिता येत नाही. सेट-पॅरामीटर नोड पिवळा होतो आणि त्या दरवाज्यांच्या जागी आउटपुटमध्ये नल दिसतो, पण इतर दरवाजे बदललेले असतात. म्हणून नोड पिवळा दिसला तरी 'काहीच झालं नाही' असं धरून पुन्हा रन दाबू नका. आधी आउटपुटमधले नल कुठल्या इंडेक्सला आहेत ते बघा आणि तेवढेच दरवाजे नंतर करा.

मार्कऐवजी तुमचा स्वतःचा प्रोजेक्ट पॅरामीटर वापरत असाल आणि दरवाजे ग्रुपमध्ये असतील, तर पॅरामीटरच्या सेटिंगमध्ये 'व्हॅल्यूज कॅन व्हेरी बाय ग्रुप इन्स्टन्स' निवडलेलं हवं. ते नसेल तर ग्रुपच्या सगळ्या प्रतींमध्ये त्या दरवाज्याची व्हॅल्यू एकच राहते. दहा मजल्यांवर तोच ग्रुप असेल तर दहा डुप्लिकेट दिसतात आणि डायनॅमोतून कितीही लिहिलं तरी ते वेगळे होत नाहीत. हा पर्याय आधी बदला आणि मगच ग्राफ चालवा.

चौकट४५

खोल्यांची नावं जुळली. 'पायऱ्या' आता एका गटात आहे, 'ॲल्युमिनियम स्टोअर'ही. नव्या मार्कच्या तपासणीत डी-३०७-२ आधीच वापरात असलेला निघाला. तो दरवाजा मेन्टेनन्स शाफ्टचा आहे, त्याला वेगळा मार्क देऊन मग लिहितो. शाफ्टच्या दरवाज्यांना मार्कच्या सुरुवातीलाच वेगळं अक्षर द्यायचं ठरवलं आहे, म्हणजे शेवटचा आकडा या तपासणीसाठी मोकळा राहील.